आवाज ऐकून निवडलेलं बेट

आमचं घर आमच्याच लॉनच्या ऑफिसवर आहे. खाली हिरवळ, स्टेज, वधूपक्षाच्या खोल्या आणि मागे भटारखाना. वर आम्ही दोघं आणि सासूबाई. नागपूरच्या बेसा रोडला हे लॉन सुरू केलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती, आता तिन्ही बाजूंनी वस्ती आहे. तुळशीच्या लग्नानंतर इथे जो आवाज सुरू होतो तो पाऊस लागेपर्यंत थांबत नाही. बँड, डीजे, धुमाल पार्टी, फटाके, मंगलाष्टकांचा माईक आणि मध्यरात्रीनंतर मंडप सोडणाऱ्या पोरांचे हातोडे. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. पण दहानंतरही भांडी घासली जातातच, गाड्या निघतातच, वरातीतली माणसं गेटवर बोलत उभी राहतातच.

गेल्या वैशाखात ह्यांच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. कुकरची शिट्टी लांबून यावी तशी, पण न थांबणारी. धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि सांगितलं की उंच पट्टीचं ऐकणं कमी झालंय, वर्षानुवर्षांच्या आवाजाने होतं तसं. काम करताना कानात बोळे घाला, बीपी सांभाळा आणि जमलं तर काही दिवस या सगळ्यापासून लांब जाऊन या.

त्या रात्री मी ठरवलं, ह्यांना बेटावर न्यायचं.

बेटच का, तर माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं. शुक्रवारी तलावाच्या मध्ये जो छोटा बगीचा आणि महादेवाचं देऊळ आहे, तेच माझ्यासाठी लहानपणी बेट होतं. बाबा संध्याकाळी आम्हा बहिणींना तिथे न्यायचे. पूल ओलांडला की रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज पाण्याच्या पलीकडे राहतो, हे मला सातव्या-आठव्या वर्षी कळलं होतं. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात वाढूनही पाण्याने आवाज अडतो ही माझी खात्री तिथली आहे.

हे म्हणाले, "काहून इतका खर्च करून राहिली? गावाकडे आंब्याखाली खाट टाकू ना." पण गावाकडे गेलं की दोन तासांत अख्खी आळी भेटायला येते, आणि प्रत्येकाला पुढच्या लग्नासाठी तारीख हवी असते. मला असं ठिकाण हवं होतं जिथे आम्ही लॉनवाले आहोत हे कुणालाच माहीत नसेल.

पहिली अडचण पंचांगाची होती. आमचा रिकामा वेळ म्हणजे चातुर्मास. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मुहूर्त नसतात. पण तोच काळ अरबी समुद्रातल्या आणि हिंदी महासागरातल्या बेटांचा पावसाचा. मालदीवमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. खोल्या तेव्हा स्वस्त मिळतात, पण वारा आणि सरी सांगून येत नाहीत. डिसेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत कोरडं, शांत हवामान, ज्याला तिथले लोक इरुवई म्हणतात. तेव्हा आमच्याकडे मात्र श्वास घ्यायला फुरसत नसते. अपवाद एकच, पौष. पौषात आपल्याकडे कुणी लग्न काढत नाही. त्यातही ख्रिसमस आणि नववर्षाचे दिवस टाळायचे, कारण तेव्हा तिथले भाव वर्षात सगळ्यात जास्त असतात आणि ३१ डिसेंबरचं सक्तीचं जेवण बिलात लावलेलं असतं. नववर्षाची गर्दी ओसरली की भाव खाली येतात. राहिला जानेवारीचा दुसरा आठवडा, संक्रांतीच्या आसपासचा. तो मी डायरीत लाल शाईने लिहिला आणि त्या आठवड्याचं बुकिंग घ्यायचं नाही म्हणून मॅनेजरला बजावलं.

मग जागा. अंदमानला आम्ही पूर्वी गेलो होतो, हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप व्हायच्या आधी. राधानगरचा किनारा मला अजून आठवतो. पण ते वस्तीचं बेट आहे. तिथे बाजार आहे, बोटींची ये-जा आहे, लग्नं झाल्या झाल्या आलेली जोडपी आहेत. लक्षद्वीपचं मनात होतं. छत्तीस बेटं, त्यातली दहाच वस्तीची, सगळी मिळून बत्तीस चौरस किलोमीटर जमीन. त्यातलं बंगारम तर कायमची वस्ती नसलेलं, अगत्तीहून बोटीने जायचं. कोचीहून अगत्तीचं विमान, प्रवेशाचा परवाना आणि बंगारमची राहण्याची जागा, ही तिन्ही एकाच आठवड्यात जुळायला हवी होती. आमच्या तारखांना जुळली नाहीत. कधीतरी जाईन, हे मात्र नक्की.

उरलं मालदीव. तिथे सुमारे बाराशे लहान बेटं, सव्वीस नैसर्गिक कंकणद्वीपांत विखुरलेली. इंग्रजीतला अटॉल हा शब्दच मुळात तिथल्या धिवेही भाषेतला. १९७२ साली तिथे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी पद्धत पडली. गाव नाही, दुसरं हॉटेल नाही, रस्ता नाही. मला हेच हवं होतं असं वाटलं.

बर्डीवरच्या एका एजंटने मला 'प्रायव्हेट आयलंड' म्हणून सुंदर फोटो पाठवले. निळं पाणी, पाण्यावरचं घर, पायऱ्या उतरल्या की समुद्र. मी विचारलं, बेटावर खोल्या किती? दोन दिवसांनी उत्तर आलं, एकशे साठच्या वर. एकशे साठ खोल्या म्हणजे तीनशेवर पाहुणे आणि साधारण तेवढेच किंवा त्याहून जास्त काम करणारे लोक. आमच्या लॉनवर मध्यम लग्नाला एवढी माणसं असतात! मी त्याला दोष देत नाही. कागदावर ते बेट खाजगीच होतं. पण बेट खाजगी असणं आणि आपल्याला एकांत मिळणं यात फरक आहे, आणि खोल्यांची संख्या विचारल्याशिवाय तो दिसत नाही. अख्खं बेट एकाच कुटुंबाला देणारी ठिकाणंही आहेत. बा अटॉलमध्ये फोर सीझन्सचं वोआवा तसं आहे, सात शयनकक्षांचं. तो आमच्या खिशाचा विषय नव्हता.

त्यानंतर मी पन्नास-साठ खोल्यांच्या बेटांपुरतंच बघायचं ठरवलं आणि त्यातलं सगळ्यात शांत शोधायला बसले. याच सुमारास कान दाखवायला पुन्हा धंतोलीला गेलो, तर डॉक्टरांनी माझा सगळा हिशेबच बदलून टाकला. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा जागी नेणार आहे. ते म्हणाले, तसं करू नका. अगदी शांत खोलीत कानातली शिट्टी जास्त मोठी वाटते, कारण मेंदूला ऐकायला दुसरं काहीच नसतं. त्यांना एकसारखा, मऊ, न बदलणारा आवाज द्या. पंख्याचा, पावसाचा, लाटांचा.

म्हणजे मला शांतता शोधायची नव्हती. योग्य आवाज शोधायचा होता.

आणि आवाज कोणत्याच फोटोत दिसत नाही. मग मी बेटांचे उपग्रहातून घेतलेले नकाशे बघायला लागले. मुलगी पुण्याला असते, तिने फोनवर एकदा शिकवलं, पुढचं मी रात्री ऑफिसात बसून केलं. वीस वर्षं मांडव घालणाऱ्या बाईला वरून जागा वाचता येते. प्रत्येक बेटाला एक पाठ असते. तिथे पत्र्याची लांब छपरं दिसतात, मालाचा धक्का दिसतो, टाक्या दिसतात. ही कामगारांची घरं, खारं पाणी गोडं करण्याचा प्लांट आणि पॉवरहाऊस. या बेटांना जमिनीवरून वीज येत नाही. बहुतेक वीज डिझेलच्या जनरेटरवर, दिवसरात्र. त्या छपराशेजारची खोली घेतली तर एकांताच्या ठिकाणी जाऊन घरघर ऐकायची. मुख्य धक्क्याजवळच्या खोल्यांना स्पीडबोटी. आणि पाण्यावरची ती घरं, ज्यांचे फोटो सगळ्यात जास्त फिरतात, ती बहुधा लगूनमध्ये, उथळ निवांत पाण्यात असतात. दोन घरांच्या मध्ये फक्त पाणी आणि लाकडी फळ्या, शेजाऱ्यांचं बोलणं सरळ ऐकू येतं.

बेटाची दुसरी बाजू वेगळी असते. ज्या बाजूला प्रवाळाची कड किनाऱ्याच्या जवळ येते, तिथे खुला समुद्र त्या कडेवर फुटतो. नकाशात ती पांढरी रेघ स्पष्ट दिसते. किनाऱ्यावर लाट लहानच पोचते, पण तिचा आवाज चोवीस तास चालू असतो. हीच आमची बाजू, हे मला त्या रात्री पांढरी रेघ बघता बघता कळलं.

आता प्रश्न राहिला पोचायचा, आणि इथे मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. विमानतळाजवळच्या बेटांना स्पीडबोट जाते, पण त्यांच्यावरून दिवसभर सी-प्लेनं उडतात. लांबच्या बेटांना सी-प्लेनने जावं लागतं. ते लहानसं दोन पंख्यांचं विमान इतकं आवाज करतं की चढताना कानात घालायला बोळे देतात. ह्यांच्या कानाला ते नकोच. शिवाय सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. नागपूरहून बेंगळुरू करून माले गाठेपर्यंत आमची संध्याकाळ होणार होती, म्हणजे एक रात्र मालेजवळ फुकट. तिसरी वाट देशांतर्गत विमानाची निघाली. मालेहून बा अटॉलमधल्या धरवंधूला वीस-पंचवीस मिनिटांत विमान जातं, अंधार पडल्यावरही जातं, आणि पुढे बोट. बा अटॉल हे युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र आहे, २०११ पासून. तिथल्या हनिफारूच्या खाडीत मे ते नोव्हेंबर मांटा रे मासे मोठ्या संख्येने येतात आणि ते बघायला माणसंही. जानेवारीत हे मांटा नसतात, म्हणून बोटीही कमी. आमच्या पथ्यावरच पडलं.

पैशाचं सांगते, कारण ते कुणी नीट सांगत नाही. खोलीच्या भावापुढे दोन अधिकची चिन्हं असतील तर तो खरा भाव नव्हे. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क, त्या बेरजेवर सतरा टक्के कर, आणि माणशी रात्रीला बारा डॉलर हरित कर. सहाशे डॉलरची खोली दोघांना जवळजवळ आठशेला पडते. जेवण वेगळं घेतलं तर बेटावर दुसरं दुकान नसतं, पाण्याची बाटलीसुद्धा त्यांच्याच भावाने. म्हणून तिन्ही वेळचं जेवण धरूनच भाव मागायचा, आणि विमान-बोटीचा खर्च पहिल्याच पत्रात विचारायचा. आम्हाला चार रात्रींचे सगळे मिळून सव्वाचार लाख लागले. स्टेजचं नवं कापड यंदा घेतलं नाही. व्हिसाला मात्र काही लागत नाही, उतरल्यावर मिळतो. निघण्याआधीच्या शहाण्णव तासांत इंटरनेटवर एक अर्ज भरावा लागतो.

एक गोष्ट मला जड गेली. देव्हाऱ्यातला लहानसा बाळकृष्ण मी प्रवासात नेहमी सोबत नेते. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती आणायला कस्टमची मनाई आहे. त्यांचा देश, त्यांचा नियम. मी बाळकृष्ण जाऊबाईंकडे वर्ध्याला ठेवला, सासूबाईही तिथेच राहिल्या. सोबत तिळगुळाचा डबा घेतला.

तीन रिसॉर्टना मी एकच पत्र पाठवलं होतं. पॉवरहाऊस कुठे आहे, रात्री संगीत कुठे वाजतं आणि किती वाजेपर्यंत, जवळपास बांधकाम सुरू आहे का, प्रवाळाच्या कडेच्या बाजूची किनाऱ्यावरची खोली देता का, बेटावर डॉक्टर असतो का. दोघांनी छापील उत्तर पाठवलं. तिसऱ्याने बेटाचा नकाशा पाठवला आणि पॉवरहाऊसवर स्वतः पेनने गोल करून दिला. मी त्याच दिवशी पैसे भरले.

पोचलो तेव्हा रात्र होती. बेटाचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे लावलेलं, म्हणजे आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. स्वागताच्या टेबलावरच्या मुलीने हसून सांगितलं की लग्नाचं पंचविसावं वर्ष आहे म्हणून तुम्हाला पाण्यावरचं घर देतोय, काहीही जास्तीचे पैसे न घेता. ह्यांचा चेहरा एकदम उजळला. मी नको म्हणाले. ती गोंधळली; तिला वाटलं मला कळलं नाही. मी नकाशा काढून पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, आम्हाला इथे झोपायचंय. हे माझ्याकडे बघत राहिले. खोलीत जाईपर्यंत ते गप्प होते, त्यांना राग आलाय का हे मला कळेना.

खोलीचं मागचं दार उघडलं आणि तो आवाज आत आला. अजनी यार्डातून रात्री लांबलचक मालगाडी जाते आणि आपण मेडिकल चौकातल्या एखाद्या घरात पडल्या पडल्या ऐकतो, तसा. फक्त ही गाडी संपत नव्हती. हे पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शिट्टी आहे. पण मागे गेली." त्या रात्री ते सात तास झोपले. मी जागीच होते, त्यांचा श्वास ऐकत.

पहाटे झुडपांतून क्वाक-क्वाक असा गोंगाट सुरू झाला. हे डोळे न उघडता म्हणाले, "पाणकोंबडी. आपल्या अंबाझरीची." खरंच तीच होती, पांढऱ्या छातीची, दारासमोरून शेपटी हलवत गेली. इतका समुद्र ओलांडून नागपूरचाच पक्षी भेटला म्हणून मला रडू आलं.

चार दिवसांचं फार लिहिण्यासारखं नाही. आम्ही जेवलो, चाललो, झोपलो. बेटाला चक्कर मारायला पंधरा मिनिटं लागत. मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून, ह्यांचा हात धरून मी प्रवाळावरचे मासे पाण्यात तोंड घालून बघितले, आणि पाण्याखाली एक बारीक तडतड ऐकू येते, कढईत मोहरी फुटावी तशी, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. संक्रांतीला आमच्या बाजूची वाळू झाडणाऱ्या बांगलादेशी दादांना तिळगूळ दिला. ते पहाटे खराट्याने पाचोळा काढत, अगदी आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी होतं तसं. मी त्यांना विचारलं, इथे तुम्ही कुठे राहता? त्यांनी बोट दाखवलं, पत्र्याच्या छपरांकडे. पॉवरहाऊसच्या भिंतीला लागून. झोप येते का, म्हटलं. ते म्हणाले, सवय झाली, आवाज बंद पडला तर जाग येते.

ते वाक्य मी घरी घेऊन आले.

परत आल्यावर एका रात्री मी तोच नकाशा उघडला आणि या वेळी बेसा रोड शोधला. वरून आमचं लॉन दिसलं. हिरवा चौकोन, स्टेजचं छप्पर, भटारखान्याचा पत्रा. आणि मागच्या कोपऱ्यात आमचा जनरेटर, शेजारच्या काकूंच्या झोपायच्या खोलीपासून नऊ-दहा फुटांवर. काकू एकट्याच असतात, ऐंशीच्या पुढच्या आहेत. इतक्या वर्षांत त्या एकदाही तक्रार घेऊन आल्या नाहीत. ह्यांना दाखवलं. हे बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग कानातला बोळा काढून म्हणाले, "रस्त्याकडच्या भिंतीला नेऊ. आवाज न होणारी पेटीही बसवू."

माघातलं पहिलं लग्न पंधरा दिवसांवर आहे. उद्या सकाळी मिस्त्री जनरेटरचा ओटा फोडायला येणार आहे.